चोरावर मोर

आपल्याकडच्या निम्म्या म्हणी धान्याच्या कणगीला पाठ टेकून बसलेल्या माणसांनीच केल्या असाव्यात, असा माझा एक जुना तर्क आहे. ‘गव्हाबरोबर किडेही रगडले जातात’ ही म्हण जात्याच्या खुंट्यावर हात असतानाच सुचलेली दिसते. ‘चोरावर मोर’ या म्हणीचे मूळ मात्र मला पुष्कळ दिवस सापडत नव्हते. पेंढाऱ्यांचे दिवस, दरोडेखोरांच्या टोळ्या, कोर्टकचेऱ्या, असा कुठेकुठे मी तिचा माग काढीत हिंडलो. आता माझी खात्री झाली आहे की, जिने किंवा ज्याने ती पहिल्यांदा उच्चारली, त्या माणसाने एखाद्या उन्हाळी दुपारी आपल्याच घरातल्या साठवणीच्या खोलीत नीट डोळे उघडून पाहिले असले पाहिजे. चोराच्या घरी चोरी करणारे जितके त्या खोलीत नांदतात, तितके कुठल्या तुरुंगातही सापडायचे नाहीत.

चोर तर सर्वांच्याच ओळखीचे असतात. ज्वारी-तांदळातले सोंडवाले टोके, तुरी-मुगातले पोरकिडे, पिठातले तांबडे भुंगेरे, रव्यात जाळी विणून बसणाऱ्या अळ्या आणि दिव्याभोवती भिरभिरणाऱ्या त्यांच्या करड्या पाकोळ्या. यांच्याशी लढण्याचे शास्त्र आपल्या घरातल्या बायकांनी केव्हाच पुरे करून ठेवले आहे. वैशाखाचे ऊन, सूप, चाळणी, कडुनिंबाचा वाळलेला पाला, गोवरीची राख आणि डाळीला चोळलेला एरंडेलाचा हात, एवढ्या शस्त्रांवर त्यांनी पिढ्यान् पिढ्या हे युद्ध लढवले. या लढाईत आपल्या बाजूने आणखीही कोणी लढत असते, याची दखल मात्र कोणी फारशी घेतली नाही.

बरेच दिवस न उघडलेली ज्वारीची कोठी उघडावी. टोके दिसतातच, पण त्यांच्याबरोबर काळसर, पंख असलेले, मुंगीहूनही लहान असे काही जीव लगबगीने उजेडाकडे धावतात. घरातली बाई त्यांना ‘चिलटे’ म्हणते आणि टोक्यांच्या पापाचा वाटा त्यांच्याही माथी मारून सगळ्यांना एकाच सुपातून बाहेर भिरकावते. हा शुद्ध अन्याय आहे. हे जीव दाण्याला तोंडही लावीत नाहीत. त्या आहेत गांधीलमाशीच्या दूरच्या भाच्या. यांच्यातल्या एकीचे शास्त्रीय नाव आहे अनायसोप्टेरोमॅलस कॅलँड्री. नाव एवढे लांब की, ते चिठ्ठीवर लिहून तिच्या गळ्यात बांधले तर बिचारी उडायचीच नाही!

तिचा उद्योग मोठा विलक्षण. टोक्याची मादी दाणा कोरून आत अंडे घालते आणि वरून ते भोक लिंपून टाकते. आतली अळी दाण्यातच जन्मते, दाणाच खाते आणि दाण्यातच मोठी होते. बाहेरून पाहावे तर दाणा अगदी शहाजोग. माणसाला जे दिसत नाही ते या चिमुकलीला मिशांनी कळते. ती दाण्यावर चालते, ठोकून बघते, थांबते आणि आपली सुईसारखी नळी दाण्यात खुपसून आतल्या अळीला दंश करते. मग तिच्या अंगाशी आपले अंडे ठेवून निघून जाते. पुढे त्या दाण्यातून टोका बाहेर येत नाही. बाहेर येते ती पुन्हा एक तशीच काळी माशी. पोरकिड्यांच्या मागावर तिची डायनार्मस नावाची चुलत बहीण असते. भुंगेऱ्यांच्या आणि पाकोळ्यांच्या अंड्या-अळ्यांना सोंड खुपसून शोषणारा झायलोकोरिस नावाचा एक काळा ढेकूणही असतो. त्याला घरच्या ढेकणांचा नातेवाईक समजून कोणी घाबरू नये. त्याचा डोळा माणसावर नसून भुंगेऱ्यांवर असतो. या मंडळींची कामगिरी इतकी मानली गेली आहे की, १९९२ साली अमेरिकेच्या सरकारने साठवणीच्या धान्यात असे कीटक मुद्दाम सोडायला रीतसर मुभा दिली.

शेतकी खात्याने यांना एक गोड नाव दिले आहे: ‘मित्रकीटक’. माझा पुतण्या अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकत होता, तेव्हा सुटीत घरी आला की त्याच्या तोंडी हा शब्द सारखा असे. मला मात्र तो शब्द ऐकला की किंचित हसू येई. मित्र खरा, पण कोणाचा? ती माशी आपली ज्वारी वाचवायला आलेली नसते. ज्वारी कोणाची, सातबारा कोणाच्या नावावर, याची तिला गंधवार्ता नसते. तिला अळी हवी असते, म्हणून ती कोठीत शिरते. शिवाय ती येते ती चोराने हात मारल्यावर. चोर नाही तर मोरही नाही. म्हणून कोठीत ही काळी माशी पुष्कळ दिसली, तर तिचे आभार जरूर मानावेत; पण धान्य उन्हात घालायचा दिवस टळला असे मात्र समजू नये.

धान्याच्या कोठीतले हे नाटक मला ठाऊक होते. पण याच नाटकाचा एक भारी प्रयोग आमच्याकडे कापसाच्या खोलीत झाला, आणि त्यात आमचे सगळे घरच पात्र होऊन बसले.

आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यात, राळेगाव तालुक्यात. या काळ्या मातीच्या मुलखात दिवाळी कापसाच्या पावलांनी येते. बोंडे फुटली की शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवून सीतादही करायची, आणि मगच वेचणीला हात घालायचा. पहिला वेचा घरात आला की, त्याचा मान काही औरच. जावयाला ओसरीवर निजवतील. पण कापसाला मधली खोली! खोलीतले पलंग भिंतीला सरकतात, कोनाडे झाकले जातात, आणि छताला टेकेल असा पांढरा डोंगर घरात उभा राहतो. पोरे त्यावर उड्या मारतात आणि म्हातारी माणसे त्याच्या पायथ्याशी अंथरूण टाकून राखण करतात. भाव पटला की गाडी भरायची, नाही पटला की थांबायचे.

थांबायचे किती, याला मात्र काही नेम नाही. २०२२ साली कापसाने क्विंटलला दहा हजारांच्या वर मजल मारली होती. तो भाव ज्याने एकदा पाहिला, त्याला पुढच्या वर्षी आठ हजार म्हणजे अपमान वाटला. २०२३ चा उन्हाळा आला तरी घरोघर मधल्या खोल्या भरलेल्याच होत्या. आमचीही होती.

आता कापूस घरात येतो तो एकटा येत नाही. त्याच्याबरोबर त्याचा चोरही येतो: गुलाबी बोंडअळी. ही अळी मूळची जगप्रवासी. १८४२ साली भडोचच्या बाजूला तिने कापसाचे नुकसान केले, आणि पुढच्याच वर्षी सॉन्डर्स नावाच्या इंग्रज संशोधकाने तिला शास्त्रीय नाव दिले. विसाव्या शतकाच्या आरंभी ती हिंदुस्थानातून गेलेल्या कापसात लपून इजिप्तला पोचली, तिथून मेक्सिकोला आणि १९१७ पर्यंत अमेरिकेत टेक्ससला. पासपोर्ट नाही, तिकीट नाही. सगळा प्रवास सरकीच्या पोटात! हंगाम संपत आला की, ही अळी सरकीत शिरते, पुष्कळदा दोन सरक्या रेशमाने एकमेकींना चिकटवून मध्ये आपली खोली करते, आणि महिनोन् महिने काही न खाता पडून राहते. तिने डाग पाडलेल्या कापसाला आमच्याकडे ‘कवडी’ म्हणतात. चांगल्या कापसात कवडी मिसळली की भाव पडतो, म्हणून ती निवडून काढावी लागते.

ही कवडी निवडायला आमच्याकडे एक काकू येत. वेचणीलाही त्याच. हात असा चाले की, बघणाऱ्याला वाटावे, कापूसच आपण होऊन दोन ढिगांत जातो आहे. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा खाज सुटली ती त्यांना. दंडांवर, पोटावर, पाठीवर लाल लाल गांध्या उठल्या. दोन दिवसांनी कापसाच्या पायथ्याशी निजणाऱ्या माझ्या आत्याला खाज सुटली. मग वहिनीला, मग पोरांना. ऊन बाधले म्हणावे तर घाम नसलेल्या जागीही गांध्या; साबण बदलला म्हणावे तर तोच साबण वापरणारा माझा भाऊ खुशाल! तालुक्याहून मलम आले. लावले की थोडे बरे वाटे, रात्र गेली की पुन्हा तेच.

खेड्यात अशा वेळी एक शब्द फार लवकर तोंडी येतो: खरूज. आणि खरूज म्हटली की, ती ‘आणली कोणी’ हा प्रश्न ओघानेच येतो. उत्तर शोधायला कोणाला लांब जावे लागत नाही. घरात बाहेरून येणारे गरीब माणूस एकच असले की, न्यायनिवाडा चटकन होतो. आत्या मनाने वाईट नव्हे. पण तिने एके दिवशी काकूंचा चहाचा कप वेगळा काढला. तो ओट्याच्या कडेला पालथा राहू लागला. त्यांचे बसणेही हळूहळू उंबऱ्याबाहेर सरकले. काकूंना ते कळले नाही असे नाही. वहिनीने एकदा आत बोलावले तर त्या म्हणाल्या, “असू द्या वो बाई, मले बाहेरच बरं वाटते.” असे कोणी म्हणाले की, ते बरे वाटणे किती खरे असते, हे समजायला शिक्षण लागत नाही. दोन घरांनी त्यांना निंदणीला येऊ नका म्हणून निरोप धाडला, हेही कानावर आले. खाज सगळ्यांनाच होती. रोजी मात्र एकीचीच जाणार होती.

एवढ्यात पुतण्या सुटीवर आला. त्याने पोलिसासारखी एकेकाची जबानी घेतली, आणि तीही कोण कुठे निजतो एवढ्याच मुद्द्यावर. भाऊ अंगणात निजतो, त्याला खाज नाही. आत्या कापसापाशी, तिला सर्वांत जास्त. पोरे दुपारी कापसावर खेळतात; त्यांना आहे. मग तो काकूंच्या घरी गेला. एवढीशी खोली, एकच अंथरूण, त्यावर काकू, त्यांचा घरधनी आणि दोन नातवंडे. काकू सोडून एकालाही खाज नाही! “खरूज असती,” तो परत येऊन म्हणाला, “तर पहिल्यांदा त्या नातवंडांना झाली असती. खरजेचा किडा माणसाच्या कातडीत बीळ करून राहतो आणि माणसाकडून माणसाकडे जातो. बोटांच्या बेचक्यांत बघा, कोणाच्या काही आहे का?” आम्ही सगळे आपापली बोटे फाकवून पाहू लागलो. कोणाच्या बेचकीत काही नव्हते. “हे माणसाकडून येत नाही. हे या डोंगरातून येते,” तो कापसाकडे बोट दाखवून म्हणाला.

मग त्याने पोरांची काळी पाटी मागून घेतली. तिच्यावर कवडीचा एक पुंजका ठेवला आणि त्यातली एक जोडसरकी सुईने उकलली. आत बोंडअळी होती. पण नुसती नावाची. गुलाबी रंग जाऊन ती वाळल्या शेंगेसारखी आक्रसली होती, आणि तिच्या अंगावर मोहरीहून बारीक असे पिवळसर मोती चिकटले होते. भिंगातून पाहिले तर पाटीवर आणखीही काही हलत होते. धूळच जणू पाय फुटून चालू लागली होती.

हाच तो मोर. त्याचे नाव पायमोटिस. जात माइटची, म्हणजे कोळी-गोचिडांच्या कुळातली. पाय आठ, म्हणून शास्त्राने याला कीटक म्हणता येत नाही. मादीची लांबी मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढी. एवढीशी बया आपल्याहून हजारो पट मोठ्या अळीला गाठते आणि तिच्या अंगात विष टोचून तिला जागच्या जागी लुळी करते. मग तिथेच तोंड रोवून तिचा रस पिऊ लागते. पिता पिता तिचे पोट फुगते, फुगते आणि मोत्यासारखे होते. आम्ही मोती समजलो ती तिची गर्भार पोटे होती! त्या एका पोटात शेकड्यांनी पिल्ले वाढतात, आणि बाहेर येतात ती थेट वयात आलेलीच. बाळपण, शाळा, मुंज असला कसलाच खर्च नाही. मुलगे अगदी थोडे; ते आईच्या पोटावरच बसून राहतात आणि बहिणी जन्मल्या जन्मल्या त्यांच्याशी लग्न लावून मोकळे होतात. माझ्या आत्याला हा भाग आम्ही सांगितला नाही.

इजिप्तमध्ये बोंडअळी पोचली, तेव्हा तिच्या मागोमाग साठवणीच्या सरकीत हाच मोर तिला खाताना आढळला होता. धान्यातल्या अळ्या-भुंगेरे, गव्हाच्या काडातले किडे, लाकूड कोरणारे भुंगेरे, यांपैकी काहीही याला चालते. माणसाचे रक्त मात्र याच्या कामाचे नाही. माणसाच्या अंगावर त्याची वीण होत नाही, बीळ होत नाही, तो तिथे राहूही शकत नाही. खोलीत अळ्या संपत आल्या की भुकेने हे कोळी चहूकडे पांगतात, आणि वाटेत माणूस आला की त्यालाही अळी समजून एकदा टोचून पाहतात. टोचते तेव्हा काही कळत नाही. खाज सुटते दहाबारा तासांनी. तोवर माणूस शेतात गेलेला असतो, जेवलेला असतो, चार लोकांत बसलेला असतो. म्हणूनच संशय भलत्याच ठिकाणी जातो.

असा भलता संशय आमच्याच गावात येतो असे मात्र नाही. १९०९ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरी खलाशांच्या अंगावर असाच पुरळ उठला. कोणी म्हणाले संसर्ग, कोणी म्हणाले अन्न. तेव्हा जोसेफ गोल्डबर्गर नावाच्या सरकारी डॉक्टराने एक साधी गोष्ट केली. खलाशी ज्या काडाच्या गाद्यांवर निजत, तशा दोन गाद्यांच्या मध्ये त्याने आपला उघडा हात खांद्यापर्यंत तासभर घालून ठेवला. दुसऱ्या दिवशी त्या हातावर पुरळ हजर! गाद्या झाडून पाहिल्या, तर काडाच्या भुश्श्यात हाच कोळी. पुढे याच गोल्डबर्गरने पेलाग्रा हा रोगही संसर्गाने नव्हे, तर निकृष्ट अन्नाने होतो हे दाखवून दिले. गरिबांच्या रोगांचा दोष गरिबांच्या अंगावरून काढून योग्य जागी नेऊन ठेवायचा, हाच जणू त्याने आपला धंदा केला होता.

“म्हणजे हा मित्रकीटकच म्हणायचा,” मी पुतण्याला चिडवले. आत्या जवळच पाठ खाजवीत बसली होती. ती म्हणाली, “असा मित्र असला तं दुश्मन कायले पायजे रे बाबू?”

आत्याने पुढे काही भाषण केले नाही. ती उठली, ओट्यावरचा पालथा कप उचलून आत घेऊन गेली, आणि दुपारी काकू आल्या तेव्हा घरातल्या कपांतल्याच एका कपात चहा गाळून तो त्यांच्या हाती दिला. “आत या,” एवढेच म्हणाली. कपाबद्दल कोणीच बोलले नाही. काकूंनी चहा पिऊन कप विसळायला घेतला, तर आत्याने तो त्यांच्या हातून काढून घेतला. निंदणीला नको म्हणणाऱ्या त्या दोन घरी वहिनी स्वतः पाटी आणि भिंग घेऊन गेली.

पण खोलीचे काय करायचे, हा प्रश्न उरलाच. शेजारच्या एकाने तत्परतेने शेतातली औषधाची बाटली आणून दिली. खोलीत एक हात फिरवा; अळीही मरेल, कोळीही मरेल, काम एका दिवसात! बाटली ओट्यावर आली तसा माझा भाऊ उठून उभा राहिला. यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला त्या बाटलीकडे सहज पाहता येत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात पऱ्हाटी डोक्याइतकी वाढली होती. तिच्यात शिरून फवारा मारणाऱ्या माणसाच्या तोंडावरच ते विष येत होते. त्या काही महिन्यांत जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दगावले. शेकडो दवाखान्यात गेले. आमच्या गावचा एक तरुण संध्याकाळी शेतातून आला तो भिंतीला धरून चालत, समोरचे दिसत नाही म्हणत. तो वाचला. आणि एवढे सगळे होऊन त्या वर्षी गुलाबी बोंडअळीने कापूस खायचा तो खाल्लाच.

उघड्या शेतात जे विष माणसाला पाडते, ते चार भिंतींच्या आत, अंथरुणाशेजारी, पोरांच्या खेळण्याच्या जागी मारायचे? धान्यात ठेवायच्या ज्या गोळ्या मिळतात, त्यांचीही गोष्ट तीच. त्यांतल्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडला हवेतली ओल लागली की फॉस्फिन नावाचा वायू सुटतो, आणि त्यावर उतारा म्हणून औषध नाही. निजायच्या खोलीत त्या कधीही ठेवू नयेत. विषाला चोर कळत नाही, मोर कळत नाही, आणि घरधनीही कळत नाही. भावाने बाटली परत केली.

केले ते असे. अंथरुणे त्याच दिवशी त्या खोलीतून बाहेर काढली. कपडे, चादरी, गोधड्या कढत पाण्यातून काढून जेठाच्या उन्हात घातल्या. कापूस गोठ्यापलीकडच्या रिकाम्या पडवीत हलवला. हलवणाऱ्यांनी पूर्ण बाह्या घातल्या आणि काम होताच सर्वांनी आंघोळी केल्या. कवडी वेगळी बांधली, आणि आठवडाभरात मिळेल त्या भावाने सगळे जिनिंगला धाडले. भाव पडेलच मिळाला. पण आठ-दहा दिवसांत घरातली खाज गेली ती गेलीच. मलमाची डबी अर्धी तशीच राहिली. खोलीत अळ्याच उरल्या नाहीत, तेव्हा मोरांनाही खायला उरले नाही. ते आपोआप संपले.

या कोळ्याला नोकरीला ठेवायचा विचार शास्त्रज्ञांनी केला नाही असे नाही. साठवणीच्या किडींवर तो सोडता येईल का, अशी चर्चा अमेरिकेत १९७९ च्या सुमारास झाली होती. शिकारी पहिल्या प्रतीचा. पण मालकालाही चावणारा! असा राखणदार कोण ठेवणार? उलट काही मंडळी मात्र खरोखरच कामाला लागली आहेत, आणि त्यातली गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. रव्यात जाळी करणारी ती पाकोळी, कॉर्सायरा, आठवते ना? प्रयोगशाळेत तिला भरडलेली ज्वारी-बाजरी खाऊ घालून मुद्दाम पोसतात. तिची अंडी गोळा करून कागदाच्या पट्टीवर डिंकाने चिकटवतात, आणि अळ्या निघू नयेत म्हणून त्यांतला जीव अतिनील किरणांनी आधीच मारून टाकतात. मग त्या अंड्यांत ट्रायकोग्रामा नावाची, अर्ध्या मिलिमीटरची माशी आपली अंडी घालते. अंडी काळी पडली की ती पट्टी कापून पऱ्हाटीच्या पानाखाली टाचायची. दोनचार दिवसांत माश्या बाहेर पडतात आणि बोंडअळीची अंडी हुडकून त्यांत आपली अंडी घालतात. गुलाबी बोंडअळीसाठी तिच्यातलीच बॅक्ट्री नावाची जात चांगली मानतात. घरच्या चोराच्या अंड्यांवर शेतातल्या चोराचे मोर पोसायचे, ही चतुराई पाहून आपल्या म्हणी करणाऱ्याने हात जोडले असते! फक्त पट्टी लावल्यावर फवारा मारायचा नाही. मारला की आपलेच मोर आपण मारले.

तेव्हा ‘मित्रकीटक’ या शब्दावर माझा आता पूर्वीइतका राग राहिलेला नाही. पण तो शब्द मी जरा जपून वापरतो. कोठीतली काळी माशी आपले ऐकून काम करीत नाही, पानाखालची ट्रायकोग्रामाही नाही, आणि कापसातला कोळी तर नाहीच. जो तो आपले पोट भरतो. त्यांतल्या कोणाचे पोट भरताना आपले भले होते, कोणाचे भरताना आपल्याला खाज सुटते. कोणाला आत घ्यावे, कोणाला पडवीत ठेवावे आणि कोणाला शेतात सोडावे, हे ज्याचे त्याचे रूप नीट पाहून ठरवावे लागते. आणि जे किड्यांच्या बाबतीत खरे, ते उंबऱ्यावर बसवलेल्या माणसांच्या बाबतीत त्याहून कितीतरी अधिक खरे आहे.

यंदाच्या पाडव्याला वहीपूजन झाल्यावर वहिनीने नव्या वहीच्या पहिल्या पानावर जमाखर्चाच्या आधी एक ओळ लिहिली: ‘कापूस पडवीत. मधल्या खोलीत माणसे.’ बाजारभाव काय निघायचा तो निघो; आमच्या घरचा हिशेब एवढा तरी आता पक्का झाला आहे.